तळहातावरचं दही

तळहातावर ठेवलेल्या दह्याला एक गारवा असतो. धरणावरून पहाटे येणाऱ्या वाऱ्यासारखा तो अंगभर पसरत नाही. एकाच जागी टेकतो आणि थेट काळजाला जाऊन लागतो. माझी बायको, सगुणा, आमच्या उंबऱ्यावर तो गारवा वाटत जन्मभर उभी राहिली. लेक सासरी निघो, पोरगा परीक्षेला, की मी जमिनीच्या दाव्याच्या तारखेला कोर्टात. तिच्या डाव्या हातात वाटी, उजव्या हातात चमचा, आणि चमचा वाटीच्या कडेला टेकल्याचा तो बारीक नाद. त्या नादावाचून आमच्या घरातून कुणी लांब गेलं नाही. मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. असलं काही मानत नाही, असं चारचौघांत छाती काढून सांगायचो. पण हात पुढं केल्याशिवाय मीही कधी पायरी उतरलो नाही.

भादव्यात भात निसवून लोंब्या डोकावायला लागल्या, तेव्हा तिच्या हृदयाची झडप बिघडल्याचं कळलं. पुण्याच्या दवाखान्यात खिडकीजवळची खाट मिळाली. तिथल्या पांढऱ्या उजेडात ती शेवाळी लुगड्यासकट अगदी एवढीशी दिसायची. भीतीचं अक्षर तिच्या तोंडून निघालं नाही. भीती होती ती बोटांत. चादरीची एकेक चुणी चिमटीत धरून ओढायची, जमवायची, मूठ भरली की अलगद बाजूला ठेवायची. चिखलातून भाताचं रोप उपटून जुडी बांधावी तशी. दिवसभर त्या पांढऱ्या खाचरात तिची लावणी चाललेली.

"भ्या वाटतंय का?" मी विचारलं.

"मला कशापायी? सकाळधरनं टोपी कोन झाडतंय सारखी?"

ऑपरेशनच्या दिवशी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असं बजावलेलं. मी तोंड धुऊन आलो, तर ही खाटेवर मांडी घालून बसलेली. पिशवीच्या तळाशी लपवून आणलेल्या डबीतलं दही तिनं आपल्याच तळहातावर घेतलं होतं आणि डोळे मिटून चाटत होती. सिस्टर दारातच थबकली.

"आजी, काही खायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"खाल्लं कुटं? शकुनाचं हाय त्ये."

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. सिस्टर गेल्यावर ती खिडकीकडं बघत म्हणाली, "समद्यांच्या हातावर मी ठेवते. माज्या हातावर कोन ठेवनार हुतं?"

आमच्याकडं बाप्यानं वाटी धरायची रीत नाही.

असा एक दिवस वाढून मिळाला. उन्हाची तिरीप तिच्या पावलांवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून चुडे उतरवलेल्या मनगटावर सरकत गेली, आणि ती वरच्या खाचराचं पाणी कधी सोडायचं ते सांगत राहिली, जणू मला शेती कालच कळली. मी नेहमीसारखा वाद घातला. तिला बरं वाटलं असावं. बोटं तेवढी थांबली नाहीत.

दुसऱ्या दिवशी चाकाची खाट आली. तिच्यावर आडवी होताना सगुणानं उजवा तळहात माझ्यापुढं उघडला. दही नव्हतं, असतं तरी द्यायचं नव्हतं. मी नळाकडं गेलो, पाण्याखाली बोटं धरली, पुसली, आणि तिच्या तळहाताच्या मधोमध टेकवली.

"लई गार हायेत," ती म्हणाली, आणि मूठ मिटून घेतली. खाट हलली तशी माझी बोटं सुटली. मूठ मात्र मिटलेलीच गेली.

ज्या दारातून खाट आत गेली, त्यातून सगुणा परत आली नाही.

आता कुठं निघालो की उंबऱ्यावर माझा उजवा हात आपोआप पुढं होतो. सून विचारते, "आबा, काय पायजेल?"

"न्हाई गं. पाऊस हाय का बघतोय."

अंगणात लख्ख ऊन असतं. माणूस निघून जातं, काळ त्याच्या मागोमाग उंबरा ओलांडतो. मागं राहते ती तळहाताच्या मधोमध एवढीशी जागा, जिच्यावर रोज ऊन पडतं आणि जी कधी तापत नाही.