तात्पुरता स्टार

मी एक जुना स्टार आहे. आभाळातला नव्हे, मित्रांनो. कीबोर्डवर आठाच्या डोक्यावर बसतो, तो. दिसायला चिमुकला, पण परवानगीच्या ओळीत माझा अर्थ होतो 'कोणीही'.

माझा जन्म एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत झाला. दवाखाना डॉक्टर मावशीचा, प्रोग्रॅम लिहीत होती तिची भाची. पेशंटची माहिती दाखवणारं पान आणि ती पुरवणारा सर्व्हर, दोघेही भाचीच्याच लॅपटॉपवर राहत. फक्त त्यांचे पोर्ट नंबर, म्हणजे दारांचे क्रमांक, निराळे. एका छपराखाली राहून चुली वेगळ्या! तेवढ्यावरून ब्राउझरने त्यांना परकं ठरवलं. सर्व्हर उत्तर देई, पण ब्राउझर ते पानाच्या हाती लागू देत नसे. कोणत्या पानाला द्यायचं ते सर्व्हरनेच सांगावं, असा त्याचा हट्ट.

"अगं, अजून नाहीच का दिसत?" मावशीने दारातून विचारलं. "बाहेर पेशंट खोळंबलेत."

"हा मेला ब्राउझर घरच्यांनाच ओळखत नाही गं!" भाची वैतागली. सर्व्हरमधल्या परवानगीच्या ओळीत पानाचा पत्ता लिहायचा, तिथे तिने मला बसवलं. शेजारी टीप लिहिली: 'तात्पुरतं. नंतर काढणे.'

पान लगेच भरलं. "सुटले बाई!" भाची म्हणाली, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढे सर्व्हर दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर गेला. त्याच्याबरोबर मी गेलो, टीपही आली.

"माहिती बाहेर नाही ना जाणार?" मावशीने विचारलं.

"कशी जाईल? बाहेरून कुणाला हा सर्व्हर गाठताच येत नाही," भाची म्हणाली. म्हणून पासवर्डही ठेवला नाही. मग ती दुसऱ्या कामाला लागली आणि टीप तशीच राहिली.

पण दवाखान्यातल्या ब्राउझरमध्ये बाहेरची पानं उघडतात, त्याचं काय? एखादं लबाड पान त्याच्याकरवी सर्व्हरला विचारील, आणि मी म्हणेन, 'कोणीही'. मला दुसरा शब्दच येत नाही. या भीतीने जीव टांगणीला लागतो. परवाच एक बाई मावशीला म्हणाली, "डॉक्टर, माझ्या आजाराचं घरीसुद्धा कळता कामा नये." तिचा आजार आता सर्व्हरमध्ये आहे, आणि दारावर मी.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळे सांगतात. माझं मागणं उलटं आहे. मला खोडा. माझ्या जागी त्या एकाच पानाचा पत्ता लिहा. 'नंतर' म्हणून लिहिलं असेल, तर ते 'नंतर' आज येऊ द्या.

आत्ताच रिसेप्शनवरच्या ताईंनी एक अनोळखी पान उघडलंय. त्याने पेशंटची माहिती मागितली आहे. ब्राउझर माझ्याकडे बघतोय.