अकबरबीचे दोन

भोकरगव्हाणच्या सरकारी दवाखान्यात पूर्वी माणसं रांगेत उभी राहत नसत, चपला राहत. सकाळी येऊन चप्पल ओळीत लावायची आणि मंग खुशाल समोरच्या लिंबाखाली बसायचं. चहा प्यायचा, कुणाची सोयरीक कुठं अडली याची चौकशी करायची. चप्पल दारापाशी पोचली की माणूस उठायचा. भांडण न्हाई, तंटा न्हाई. एकदा कुत्र्यानं मधलीच चप्पल पळवली तेव्हा एका म्हाताऱ्याचा नंबर गेला, तेवढाच काय तो अन्याय. बाकी कारभार बराबर चालला होता.

मग डॉक्टर तृप्ती मॅडम आल्या. वयानं लहान, हुशार, आणि तोंडावर सदा असा भाव की आत्ता काहीतरी चांगलं घडणार आहे. त्यांना मोठ्या डिग्रीसाठी संशोधन करायचं होतं, आणि विषय होता, दवाखान्यात आधी कुणाला तपासावं. चपलेला ताप येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्याला जास्त दुखतं तो आधी आत यायला पाहिजे. त्यांनी भिंतीवर एक लांबलचक चित्र चिकटवलं. डावीकडं शून्य आणि हसरा चेहरा, मग आकडा चढत चढत उजवीकडं दहा आणि ढसाढसा रडणारा चेहरा. दारातला शिपाई भारत प्रत्येकाला विचारणार, "दुखणं किती?" माणूस आकडा सांगणार, भारत तो चिठ्ठीवर लिहून हातात देणार. मोठा आकडा आधी आत.

कल्पना सोन्यासारखी होती. फक्त एक गोष्ट मॅडमच्या ध्यानात आली नाही. हा मुलूख मोसंबीचा. इथं लेकरू बोलायला शिकतं तेच भाव करत. आपण आकडा सांगितला की समोरचा तो खाली ओढणारच, म्हणून पहिला आकडा नेहमी चढा सांगायचा, हा इथला शिरस्ता. खरा आकडा सांगणाऱ्याला लोक भोळा म्हणत नाहीत, सरळ येडा म्हणतात.

पहिल्याच दिवशी द्वारकाबाई टाच धरून आल्या.

"दुखणं किती, मावशी?" भारतनं विचारलं.

द्वारकाबाईंनी पदर सावरला. "तू किती लावतो?"

"मी न्हाई लावत. तुम्ही सांगायचं."

"दहा."

"टाचेला दहा?"

"बरं, नऊ कर. पण आठाच्या खाली मी बिलकुल येणार न्हाई, सांगून ठेवते."

भारतनं गुमान नऊ लिहिले. मागं एक बाई खोकला घेऊन उभी होती. आता द्वारकाबाईच्या टाचेपुढं आपला खोकला हलका ठरलेला कुठल्या बाईला सहन होईल? तिनं दहा सांगितले आणि वर खोकूनही दाखवलं.

हे सगळं ख्वाजामियाँच्या कानावर गेलं नसतं तरच नवल. ख्वाजामियाँची उभी हयात जालन्याच्या मोसंबी बाजारात हर्रासी पुकारण्यात गेलेली. ढिगाशेजारी उभं राहायचं आणि "एक बार, दो बार" करत बोली चढवायची. आवाज असा, की यानं नुसती हाक मारली तरी बैल बुजायचे. काम सुटलं, बुढा गावातल्या घरी कायमचा येऊन राहिला, पण तो आवाज कुठं ठेवावा हे त्याला कळेना. घरात वापरला तर बायको, अकबरबी, म्हणायची, "मैं बहरी नई हूँ." बीपीच्या गोळ्या न्यायला तो दवाखान्यात आला, दारातली घासाघीस ऐकली आणि त्याला पिसंच चढलं. गडी थेट लिंबाच्या पारावर!

"काकासाहेबांच्या ढोपराला सात! अरे सात म्हणजे कवडीमोल! चालताना कट् वाजतं, गावभर ऐकू येतं. ऐसा ढोपर जिल्हे में दुसरा नई! कोण म्हणतं आठ? आठ एक बार, आठ दो बार..."

"नऊ!" काकासाहेब स्वतःच ओरडले.

काकासाहेब माजी सरपंच. गावात आपल्यापेक्षा जास्त कुणाचं काही असू नये, मग ते उसाचं रान असो की गुडघ्याचं दुखणं, एवढीच त्यांची मागणी. दोन-चार दिवसांत सगळा गाव दहावर जाऊन बसला तेव्हा त्यांची पंचाईत झाली. भारत म्हणाला, चित्रात अकरा नाही. काकासाहेबांनी खडू आणला, दहाच्या पलीकडं भिंतीवर अकरावा चेहरा काढला आणि त्याला फेटाही बांधला.

थोड्याच दिवसांत मॅडमच्या कॉम्प्युटरवर भोकरगव्हाण म्हणजे आक्रोश झाला. धनुर्वाताच्या इंजेक्शनला आलेला दहा, त्याच्या सोबत आलेला दहा. मॅडमच्या मोठ्या सरांनी जालन्याहून फोन करून विचारलं, तिकडं भूकंप वगैरे झालाय का. मॅडम रडकुंडीला येऊन पारापाशी आल्या.

"चाचा, हा बाजार नाही हो. जेवढं दुखतंय तेवढंच सांगू द्या ना लोकांना."

"मॅडम, खरा भाव सांगितला तर माल पडून राहतो. मैंने उम्रभर देखा है." ख्वाजामियाँ हे अगदी मायेनं बोलला. आपण पोरीच्या संशोधनाला हातभार लावतोय, असं त्याला मनापासून वाटत होतं. पुस्तक छापलं तर त्यात आपलं नाव येईल का, हेही त्यानं विचारून घेतलं.

साऱ्या गावात त्याची बोली चालत नव्हती ती एकाच ठिकाणी, घरात. अकबरबी भाजीवाल्याला एकदाच आकडा सांगायची आणि तो खरा सांगायची. पटला तर ठीक, न्हाई तर पिशवी उचलून चालू लागायची. एका संध्याकाळी ख्वाजामियाँनं गमतीत विचारलं, "तू अपना आकडा बोल. विंचू चावला होता तेव्हा किती?"

"आधा."

"आधा? अगं, आख्खी गल्ली जमली होती!"

"गल्ली तुम्हारी आवाज सुनके जमली होती."

"और इरमच्या वेळी?"

अकबरबीनं भाकरी उलटली, लेक झाली तेव्हाच्या कळांचा नीट विचार केला. "एक. पूरा एक."

ख्वाजामियाँनं कपाळावर हात मारला. "तेरेकू बाजार में खड़ा किया तो दिवाला निकल जाएगा!"

दुसऱ्या दिवशी पारावर त्यानं हा किस्सा पुकारला. विंचवाला अर्धा, बाळंतपणाला एक! लोक पोट धरून हसले. द्वारकाबाई तर शेजारीण, बाळंतपणाला हजर असलेली. "खरं हाये," त्या म्हणाल्या. "हूं का चूं केलं न्हाई. सुईणीला वाटलं, झोपली."

मग ती सकाळ आली. ख्वाजामियाँ बशीतून चहा ओढत होता. तो चहा असा ओढायचा की अकबरबी रोज म्हणायची, "नदी पी रहे क्या?" त्या दिवशी ती काही बोलली नाही. त्यानं मुद्दाम आणखी जोरात ओढला. तरी न्हाई. मान वळवून बघतो तर ती भिंतीला टेकून बसलेली, कपाळ घामानं ओलं, हात जबड्याखाली.

"क्या हुआ?"

"कुछ नई. दाढ ठणकतेय. पाठीतबी जरा धरलंय."

"चल दवाखाने."

एरवी हिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे अर्धा दिवस हुज्जत. आज ती मुकाट्यानं उठली. खरं तर तिथंच त्याचे डोळे उघडायला पाहिजे होते. पण माणूस दाढ म्हणाला की ऐकणाराही दाढेतच अडकतो.

दवाखान्यात ही गर्दी! भारतनं विचारलं, "चाची, दुखणं किती?"

"लिख दहा," ख्वाजामियाँ म्हणाला.

"झूठ नक्को." अकबरबीचा आवाज जेमतेम निघत होता. "दोन."

"अगं, दोनला कोण विचारतं! दोनला इथं पाणीबी मिळत न्हाई!"

"दोन," ती पुन्हा म्हणाली.

ज्याचं दुखणं त्याचाच आकडा, असा मॅडमचा नियम होता. भारतनं दोन लिहिले. "चाचा, मंग आज बसा आरामात. दोनचा नंबर लागायला उन्हं कलतील."

अकबरबी शेवटच्या बाकावर जाऊन बसली. ख्वाजामियाँ चरफडला. आयुष्यभर दुसऱ्याची मोसंबी सोन्याच्या भावानं विकली आणि घरची बाई दोनवर अडून बसते, काय करावं! तेवढ्यात लोक ओरडले, "चाचा, पुकारा ना!" पाय आपोआप पारावर चढले.

"हां, तो द्वारकाबाईंची टाच..." त्यानं सूर लावला, आणि त्याची नजर बाकाकडं गेली. अकबरबीच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता आणि तिनं तो वर घेतला नव्हता. चारचौघांत अकबरबीचा पदर खाली, हे त्यानं लग्नापासून कधी बघितलं नव्हतं. त्याच्या डोक्यात हिशेब आपसूक सुरू झाला. विंचवाला अर्धा. इरमला एक.

आज दोन.

बुढ्यानं पारावरून उडी मारली. "भारत! दहा लिही! जल्दी!"

"चाचा, सगळ्यांचेच दहा हायेत."

"बीस लिख! सौ लिख!"

लोक खदखदा हसले. चाचा आज रंगात आलाय, असं त्यांना वाटलं. "एकशे एक!" मागून कुणीतरी बोली चढवली. "एकशे एक एक बार!" दुसऱ्यानं ख्वाजामियाँची नक्कल केली.

ख्वाजामियाँ दारात उभा राहिला. ज्या आवाजावर जन्मभर भाकरी खाल्ली, त्याला आज कवडीची किंमत उरली नव्हती, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं घालवली होती. त्याला रडू फुटलं. मग तो जे बोलला ते इतकं हळू बोलला, की गावानं त्याला एवढं हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"अकबरबी दोन बोली है."

हसणं थांबलं. द्वारकाबाई पुढं आल्या. "कोण? आपली अकबरबी? विंचवाला अर्धा म्हणणारी?"

"हौ."

"ती दोन म्हणली?"

"दोन."

"अगं माझे आई!" जी टाच इतके दिवस भुईला टेकत नव्हती, त्याच टाचेवर द्वारकाबाई धावत भारतकडं गेल्या. "माझी टाच काढ. शून्य लिही!"

"माझा खोकला न्हाईच," ती खोकल्याची बाई म्हणाली, आणि आलेला खोकला तिनं गिळला.

"माझे दहा परत!"

"मी नुसता सोबत आल्तो!"

असा भाव जालन्याच्या बाजारात कधी कोसळला नसेल. राहिले एकटे काकासाहेब, हातात अकराची चिठ्ठी घेऊन. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. काकासाहेब उठले, भिंतीपाशी गेले आणि खांद्यावरच्या उपरण्यानं अकरावा चेहरा फेट्यासकट पुसून टाकला. "आमचं काय घेऊन बसलाय," ते म्हणाले, "आमच्या नुसत्या गोळ्या संपल्यात. बाक उचला रे!" आणि त्याच जगावेगळ्या ढोपरावर भार देऊन त्यांनी बाकाचं एक टोक उचललं. अकबरबी बाकासकट आत गेली. "इतना क्या तमाशा," असं ती बारीक आवाजात म्हणत होती.

मॅडमनी छातीला वायरी लावल्या, मशिनीतून निघालेली कागदाची पट्टी बघितली, आणि काहीतरी चांगलं घडणार असल्याचा तो भाव त्यांच्या तोंडावरून गेला. "दाढ नाही चाचा, हृदय आहे. हा झटका आहे." त्यांनी गोळी चावायला लावली, एकशेआठची गाडी बोलावली आणि म्हणाल्या, "वेळेवर आणलंत."

वेळेवर! ख्वाजामियाँला तो शब्द काट्यासारखा लागला. आपण त्या वेळी कुठं होतो, हे त्याला चांगलं माहीत होतं. पारावर टाच विकत होतो.

गाडी सायरन वाजवत जालन्याकडं सुटली. ख्वाजामियाँ तिचा हात धरून बसला होता. घनसावंगी मागं पडल्यावर अकबरबीनं डोळे किलकिले केले. "ये तुम चिल्ला रहे क्या?"

"नई गे. गाडी है."

"अच्छा," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

जालन्यात डॉक्टरांनी तुंबलेली नस मोकळी केली. अकबरबी उठून बसायला लागली, तिनं दवाखान्याच्या चहाला नावं ठेवली, तेव्हा ख्वाजामियाँच्या जिवात जीव आला. मॅडम तिला भेटायला आल्या. संशोधन बुडालं म्हणून सर रागावले असतील, असं त्याला वाटत होतं. पण मॅडम पुन्हा पहिल्यासारख्याच हसत होत्या. आता भारत नुसतं "किती" विचारत नाही, त्या सांगत होत्या. आधी प्रत्येकाला विचारतो, आजवरचं सगळ्यात मोठं दुखणं कोणतं, त्याच्या मानानं आजचं कसं आहे. घाम किती, श्वास कसा, हेही नर्स दारातच बघते.

"काकासाहेब काय म्हणतात?" ख्वाजामियाँनं विचारलं.

"ते म्हणतात, सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे निवडणूक."

मग मॅडमनी पेन काढलं. "चाची, आता दुखणं किती?"

अकबरबीनं प्रामाणिकपणे छाती चाचपून बघितली. "पाव."

मॅडमनी पाव लिहिलं. जाता जाता सहज म्हणून त्यांनी ख्वाजामियाँकडं बघितलं. "आणि चाचा, त्या दिवशी तुम्हाला? तुम्हाला किती दुखलं?"

ख्वाजामियाँनं तोंड उघडलं. आकड्यांत जन्म गेलेला माणूस, पण एक आकडा जिभेवर येईना. त्यानं वर पंख्याकडं बघितलं, खाली फरशीकडं बघितलं, रुमालानं नाक पुसलं.

अकबरबीनं त्याच्याकडं बघून पदर सावरला.

"इनका मेरेकू पूछो," ती म्हणाली. "दहा लिहा मॅडम. पूरे दस."

ख्वाजामियाँनं त्यावर बोली चढवली नाही.