साहेब जमीन बघायला आला तेव्हा

फिनलंड सोडून आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. ऑन्टारिओच्या उत्तरेकडच्या जंगलात सरकारनं बाबांना जमीन दिली. तीन वर्षांत ठरलेली जागा मोकळी करून, तिथंच राहून दाखवलं तरच ती आमच्या नावावर होणार होती. पण मीठपीठ विकत आणावं लागायचं, म्हणून बाबा थंडीभर लाकूडतोडीच्या छावणीत जायचे. मागे झाडं पाडायची, बुंधे उपटायचे, हे सगळं आई करायची.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात तपासणीचा साहेब आला. आईला इंग्रजी येत नव्हतं. मी शाळेत शिकले होते.

"तुझे वडील कुठे आहेत?" साहेबानं विचारलं.

मी आईला सांगितलं.

"मासे धरायला गेलेत म्हणावं," आई कॉफी ओतत म्हणाली. "संध्याकाळी येतील."

माझ्या तोंडून ते निघेना. "बाबा छावणीत आहेत," मी साहेबाला म्हणाले. "सप्टेंबरपासून. जमीन आईनंच मोकळी केलीय."

"एकटीनं?"

"घोडी असते. आणि मी."

"काय सांगितलंस गं?" आईनं विचारलं.

"खरं."

आईनं किटली खाली ठेवली. "शहाणी. आता कुठल्या झाडाखाली राहायचं तेही विचार त्याला."

साहेब शेत बघायला निघाला. तिथं एक बुंधा अर्धवट उपटलेला होता. आईनं त्याला साखळी बांधली, घोडी जुंपली आणि पहार घातली. साहेब थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं कोट काढला आणि दुसरी पहार उचलली.

"अशी धरली तर कंबर जाईल म्हणावं त्याची," आई म्हणाली.

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. साहेब हसला आणि त्यानं हात बदलले. बुंधा निघाल्यावर पावलं टाकत त्यानं सगळं शेत मोजलं. 'कुटुंब जमिनीवर राहते,' एवढं वहीत लिहिलं आणि गेला.

हिवाळाभर आई माझ्याशी कामापुरतंच बोलली. मे महिन्यात जमीन नावावर झाल्याचा कागद आला. बाबा परतले होते. मी तो मोठ्यानं वाचला.

"माझं नाव कुठंय?" आईनं विचारलं.

"नाहीये. बाबांचंच आहे."

बाबांनी पेन्सिल घेतली आणि कागदाच्या मागच्या बाजूला आईचं नाव लिहिलं : हिल्या लेहतोला.

"बाबा, तसं लिहून चालत नाही," मी म्हणाले.

"तू गप गं," आई म्हणाली. "वाच."

मी वाचलं. तिनं ते आणखी एकदा वाचायला लावलं.