मागांच्या खडखडाटात

कलामहोत्सवाचं मला कधीच कौतुक नव्हतं. आठवडाभर रस्ते बंद, जिकडेतिकडे रंगीत बाण आणि बाणांमागून मेंढरांसारखी जाणारी माणसं. पण यंदा बंद पडलेल्या कापड गिरणीत एका कलाकाराने जुने माग पुन्हा चालू केले होते, सूत न लावता, नुसतेच. आई आणि मावशी, दोघींची उमेदीची वर्षं त्या मागांवर गेली होती. पुढे आजोबांच्या आजारपणात कोण जास्त राबलं यावरून बिनसलं, ते बोलणंच बंद झालं. आता मावशी कायमची परगावी निघाली होती. तिला न्यायला आलेल्या मावसभावाशी मी संगनमत केलं. दोघींना तिथे न्यायचं, एकमेकींबद्दल अवाक्षर न काढता.

मावशी दिसताच आईने माझ्याकडे असं पाहिलं की माझी पाचावर धारण बसली.

"घरी चल, मग बघते तुझ्याकडे," ती म्हणाली आणि तिने पाठ फिरवली. दालनाच्या दुसऱ्या टोकाला मावशीनेही तेच केलं. आमचा बेत बारगळला.

तेवढ्यात माग सुरू झाले. जमीन थरथरली. लोकांनी कानांवर हात ठेवले. आणि आई वळली.

या आवाजात गिरणीतल्या बायका बोलायच्या कशा, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. ते आता दिसत होतं. आवाज काढायचाच नाही. ओठ मोठे हलवायचे, बाकीचं हातांनी सांगायचं. आईने इथूनच मावशीला काहीतरी सुनावलं. मावशीने तिथून दुप्पट परत केलं. मग काय विचारता! गुडघे धरून चालणारी माझी आई ताठ उभी राहून भांडत होती, बोटं नुसती नाचत होती. मी आ वासून पाहत राहिले. हिला आपण ओळखतो, असं मला उगाच वाटत होतं.

हा कार्यक्रमाचाच भाग समजून लोकांनी फोन वर केले, दोघींना वाट करून दिली. त्या भांडत भांडत जवळ आल्या. मावशीने काहीतरी विचारलं. आईने मान खाली घातली, मग हळूच ओठ हलवले. मावशी रडायला लागली. मला एक अक्षर कळलं नाही.

माग थांबले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आता सगळ्यांना ऐकू गेलं असतं, म्हणून दोघींची तोंडं मिटली. मावशी दाराकडे बघायला लागली.

आई मागांच्या बटणापाशी उभ्या असलेल्या कलाकाराकडे वळली.

"अहो, चालू करा ना परत," ती म्हणाली. "आमचं अजून संपलं नाही."