मालधक्क्यावरची बंद यारी

मित्रांनो, काष्टीच्या बाजाराकडून येणारा गाडीरस्ता जिथे रेल्वेला मिळतो, तिथे एक लहानसे स्टेशन आहे. त्याच्या मालधक्क्याच्या टोकाला वाकलेल्या मानेची, गंजलेली एक यारी, म्हणजे हाताने फिरवायची क्रेन, उभी आहे. तीच मी. गाडी थांबली की खिडकीतली मुले माझ्याकडे बोट दाखवतात, पण मी कशासाठी आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या ओतशाळेत झाला. सुट्या भागांनी मी जहाजातून आले, मग मालगाडीच्या वाघिणीतून, आणि शेवटी इथल्या काळ्या दगडाच्या ओट्यावर उभी राहिले. गुळाच्या ढेपा, कांद्याची आणि शेंगांची पोती हमाल पाठीवर वाहत. जे पाठीवर मावत नाही, ते माझ्या वाट्याला येई. उसाचे लोखंडी चरक, सागाचे ओंडके, विहिरीवर बसवायची तेलाची इंजिने. माणसे माझी हँडले फिरवत, मी वाघिणीतले ओझे उचलत असे, मान वळवत असे आणि खालच्या बैलगाडीत अलगद ठेवत असे. श्रीगोंद्याच्या आसपासच्या कितीतरी मळ्यांचे पाणी आणि कितीतरी गुऱ्हाळांचा रस आधी माझ्या हुकाला लटकून आला आहे, या विचाराने मला बरे वाटे.

माझा मुकादम एलिया. नगरकडून आलेला ख्रिस्ती माणूस, रविवारी पांढरा सदरा घालणारा, कमी बोलणारा. त्याला मूलबाळ नव्हते. दुपारी त्याची बायको दीना भाकरी घेऊन येई आणि दोघे माझ्या सावलीत जेवत.

"आज जड हुतं का काई?" ती विचारी.

"व्हय. पन हिनं कुरकुर केली न्हाई," असे म्हणून एलिया माझ्या खांबावर हात ठेवी.

माझी स्तुती करणारा तेवढा एकच माणूस मला मिळाला.

मग मोठी लढाई लागली. शिपायांनी भरलेल्या गाड्या न थांबता नगरच्या छावणीकडे जाऊ लागल्या. व्यापाऱ्यांना वाघिणी मिळेनात, गूळ धक्क्यावरच पाझरू लागला. मला वंगण मिळेनासे झाले. ओझे मधेच घसरू नये म्हणून माझ्या दातेरी चाकात एक लोखंडी खिट्टी बसते. ती झिजत चालली होती. एलियाने स्टेशनमास्तरांना सांगितले, "साहेब, खिट्टी गेल्यात जमा हाय. दुसरी मागवा."

"अहो एलिया, सगळं लोखंड लढाईला चाललंय," मास्तर म्हणाले. "आपल्या यारीला कोण विचारतो?"

एलियाने घरचे एरंडेल आणून मला घातले. झिजलेले लोखंड काही त्याने भरून येत नाही.

हिवाळ्याच्या एका सकाळी सूर्यभान नावाचा शेतकरी बैलगाडी घेऊन आला. वस्तीवरच्या तीन घरांनी मिळून घेतलेले इंजिन त्या दिवशी वाघिणीतून आले होते. त्याच्यावर तिन्ही घरांचा ऊस जगणार होता. एलिया आणि दोन हमालांनी हँडले धरली. भीमा नावाचा हमाल खाली गाडीपाशी उभा राहिला. इंजिन गाडीच्या वर आले, आणि तेवढ्यात एका लष्करी गाडीची शिट्टी वाजली. बैल बुजून मागे सरले. गाडीचे चाक आणि धक्क्याची भिंत यांच्यात भीमाचा पाय सापडला. त्याच्या डोक्यावर इंजिन लोंबत होते. गाडीचा दांडा लोंबत्या इंजिनाला धडकला आणि त्या हिसक्याने माझी खिट्टी तुटली.

सुटलेले हँडल गरगर फिरून हाड मोडते, हे सगळ्या हमालांना ठाऊक असते. दोघांनी उड्या मारल्या. मी त्यांना दोष देत नाही. एलियाने मात्र हँडल छातीशी घट्ट धरले आणि उजवा खांदा त्याखाली घातला. सारे ओझे त्या एका माणसावर आले होते आणि मला काहीही करता येत नव्हते.

"भीमाला काढा!" तो ओरडला.

सूर्यभानने बैलांच्या मानेवरचे जू सोडले. बैल पळाले, चाकावरचा रेटा गेला, पाय मोकळा झाला. त्याने भीमाला काखेत धरून दूर ओढले. मग वर पाहिले. आपले इंजिन त्याला दिसले, आणि एलियाचा चेहराही दिसला.

"सोड, एलियादादा! इंजिनाचं मरू दे! तू सुट!"

एलियाने हँडल सोडून अंग मागे टाकले. इंजिन गाडीवर कोसळले. गाडीचा चुरा झाला आणि इंजिनाचे मोठे चाक दुभंगले.

लोक हळहळले. कोणी म्हणाले, आता वस्तीवर काय सांगणार? सूर्यभान बराच वेळ त्या तुकड्यांजवळ बसून होता. मग उठून म्हणाला, "इंजिन दुसरं आनता येईल. भीमा दुसरा कुठनं आनू?"

एलियाचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. त्याची नोकरी सुटली. केडगावला दीनाचा भाऊ राहत होता, तिकडे जायचे ठरले. निघण्याच्या दिवशी दोघे बोचके घेऊन धक्क्यावर आले. एलियाने डाव्या हाताने मला एरंडेल घातले.

"हिच्यापायी हात गेला तुमचा, अन् हिचीच काळजी?" दीनाला रडू आवरेना.

"हिच्यापायी न्हाई गेला, दीना. वेळेवर खिट्टी न्हाई मिळाली, त्याच्यापायी गेला."

गाडी आली. ती सुटताना एलिया खिडकीत होता. वळणापर्यंत तो दिसत होता, मग दिसेनासा झाला.

त्यानंतर मला साखळी घालून कुलूप लावले. नवी खिट्टी कधी आली नाही. लढाई संपली, लष्कराने विकलेल्या मालमोटारी रस्त्यावर धावू लागल्या, आणि जड माल थेट मळ्यापर्यंत जाऊ लागला. धक्क्यावर हमाल थोडे उरले. ते माझ्या मानेवर धोतरे वाळत घालतात, आणि भीमा पाय ओढत येऊन माझ्या सावलीत तंबाखू मळतो.

परवा रेल्वेचे फाटक बंद होते म्हणून एक मोटार थांबली. मागे नवे इंजिन बांधलेले होते. पुढे बसलेला सूर्यभान पांढऱ्या मिशांमुळे मला आधी ओळखूच आला नाही. त्याने चालकाला माझ्याकडे बोट करून दाखवले.

"ह्याच यारीवर एका मानसानं आमच्या भीमाला वाचिवलं."

चालकाने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "भंगार लई निघंल हिचं," तो म्हणाला.

मला सूर्यभानला विचारायचे होते, एलिया कसा आहे? त्याचा खांदा थंडीत दुखतो का? पण यारीला कोण बोलू देणार? फाटक उघडले आणि मोटार निघून गेली.

मित्रांनो, मला आता ओझे उचलायला मिळणार नाही, हे मी जाणते. स्वतःसाठी मी काही मागत नाही. पण तुमच्या विहिरीचा रहाट करकरू लागला, गाडीचा आस कुरकुरला, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी त्याला तेल द्या, झिजलेले बदलून घ्या. आम्ही लोखंडाचे, तुटलो तरी आम्हाला दुखत नाही. दुखते ते हँडल धरून उभ्या असलेल्या माणसाला.