तळघरात ठेवलेली खुर्ची

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. आज माझ्या अंगाला बुरशीचा वास येतो हे खरं. पण मी एका न्हाव्याच्या दुकानातली जुनी खुर्ची आहे, आणि एके काळी माझ्यावर बसायला मिळावं म्हणून माणसं बाकावर ताटकळत थांबायची. ही बढाई वाटली तर वाटू द्या. थोडी आहेच.

माझा पाय बिडाचा, बैठक जाड लाल चामड्याची. पायाशी एक दांडा होता. तो दाबला की मी वर जायचे, हात लावला की गर्रकन फिरायचे. कारखान्यातल्या मिस्त्रीने मला शेवटची गिरकी देऊन पाहिली आणि म्हणाला, "ही माणसापेक्षा जास्त टिकेल." मेल्याला काय माहीत माणसं कशी असतात!

चाळीस वर्षं मी एकाच मालकाच्या हाताखाली काढली. मोठा साहेब असो की हमाल, माझ्यावर बसला की दोघांनाही मान मागे टाकून गळा मालकांच्या वस्तऱ्यापुढे करावा लागे. पण मालकांचा हात इतका हलका, की अर्धी गिऱ्हाइकं घोरायला लागायची. दुकान बंद करताना मालक मला ओल्या फडक्याने पुसत आणि वर एक पातळ चादर टाकत. हा नेम त्यांनी तापातसुद्धा मोडला नाही.

मग रस्ता रुंद करायचा म्हणून आमची दुकानांची ओळ पाडली. मालकीणबाई आधीच गेल्या होत्या. मालक मुला-सुनेकडे राहायला आले, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि हट्टाने मलाही घेऊन आले. मला वर चढवताना हमालांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

त्या घरात मी अकरा दिवस राहिले. खिडकीपाशी व्यायामाची सायकल होती. तिच्यावर बसून कुणी घाम गाळलेला मी पाहिला नाही, तिच्यावर टॉवेल वाळायचे. पण ती नवी, म्हणून ती शोभेची, आणि मी अडचण! फरशीला तडा जाईल म्हणून घरमालकही कुरकुरून गेला.

मुलगा वाईट नव्हता, मित्रांनो. वाईट असता तर मला रागवायला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "बाबा, दोन वर्षांत आपलं स्वतःचं घर होईल. बाल्कनीत खुर्ची मांडू. तुम्ही पुन्हा कात्री धरा. तोवर हिला कुठेतरी नीट ठेवू." मालकांचा चेहरा एकदम उजळला. त्या दिवसापासून ते त्या न बांधलेल्या बाल्कनीतच राहायला गेले म्हणा ना. तिथे आरसा कुठे लावायचा हेसुद्धा त्यांनी ठरवून टाकलं.

आता शोध सुरू झाला तो सामान ठेवायच्या खोलीचा. अशा खोल्यांच्या इमारतीच असतात. ओळीने शटरं, आणि प्रत्येक शटरमागे कुणाच्या तरी घरात न मावलेलं काहीतरी. रविवारी तिघं जाऊन बघून आले आणि माझ्या मांडीवर मोजायची टेप टाकून वाद घालत बसले.

एक जागा लांब होती. दोन बस बदलून जायचं, पण खोली वरच्या मजल्यावर, कोरडी खडखडीत, लिफ्टसकट. दुसरी घरामागच्याच गल्लीत, तळघरात. सून डोळस. ती म्हणाली, "तळघरातल्या भिंतीला पोपडे आलेत. तिथे ओल आहे. बाबा, लांबचीच घेऊ या."

"लांब नको गं," मालक म्हणाले. "जवळ असली तर मी रोज जाऊन बसेन तिच्यापाशी. पुसेन, तेल घालेन. ओल काय करणार?"

मुलाने घड्याळाकडे बघितलं. "बाबा म्हणतात तर जवळचीच. मलाही लांब खेटे घालायला नकोत."

झालं! कुलूप, उंदीर, आग, सगळ्याची चौकशी केली होती त्यांनी. पण ज्या कारणासाठी जवळची खोली घेतली, तेवढं विचारायचं राहिलं. आत बसता येतं का, हे एकानेही विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी मालक फडकं आणि तेलाची कुपी घेऊन आले. रखवालदार म्हणाला, "काका, सामान ठेवायचं, सामान काढायचं आणि निघायचं. आत बसायचं नाही, नियम आहे."

"अरे, मी माझी खुर्ची बघायला आलोय."

"ती काय पळून जाते का?"

पाच मिनिटं मिळायची. तेवढ्यात मालक मला ओल्या फडक्याने पुसायचे आणि धूळ बसू नये म्हणून जाड प्लास्टिकमध्ये करकचून गुंडाळायचे. दुकानात पंखा होता, उघडं दार होतं, मी चादरीखाली रातोरात वाळायचे. इथे पाणी जाणार कुठे? माझ्या मालकांनी स्वतःच्या हातांनी, मायेने, मला सडायला ठेवलं. चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय.

आठ-दहा दिवसांनी रखवालदाराने मुलाला फोन लावला. काका रोज येतात, हुज्जत घालतात. मुलगा मालकांना माझ्यासमोरच म्हणाला, "बाबा, मला लोकांसमोर मान खाली घालावी लागते हो. खुर्ची सुरक्षित आहे ना? मग झालं की!" त्याने किल्ली स्वतःच्या जुडग्यात घातली आणि शटर ओढलं. मालक त्याच्या मागून निमूट गेले.

त्यानंतर दोन वर्षं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. अंधारात सांगण्यासारखं काय होणार?

शटर उघडलं तेव्हा मालक कडक इस्त्रीचा सदरा घालून आले होते. खिशात कंगवा होता. मुलगा टेंपोवाल्याला ओरडून सांगत होता, "सांभाळून हं, आमच्या बाबांची खुर्ची आहे!" नव्या घराची हौस त्याच्या आवाजात मावत नव्हती. मग प्लास्टिक फाडलं. सुनेने पदर नाकाला लावला. चामडं काळं पडून फुटलं होतं, दांडा गंजून जागीच बसला होता. मालकांनी मला फिरवायला हात लावला. मी फिरले नाही. जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो, पण नाही फिरले.

मुलगा वरमला. म्हणाला, "जाऊ द्या बाबा. हिच्यापेक्षा भारी नवी खुर्ची आणू. उद्याच आणू."

मालकांनी माझ्यावरचा उजवा हात उचलला आणि त्याच्यापुढे धरला. तो थरथरत होता. वस्तऱ्याने कधी कुणाला ओरखडा न काढलेला तो हात, दोन वर्षं रिकामा बसून, आता हवेतसुद्धा स्थिर राहत नव्हता. एका घरात राहून मुलाने तो आज पहिल्यांदा पाहिला.

"खुर्ची मिळेल रे," मालक म्हणाले. "कात्री धरायला हात कुठून आणशील?"

टेंपो नव्या घरी गेला, आणि मी इथे, या भंगाराच्या ढिगावर आले.

मित्रांनो, माझं सोडा, मी लोखंड आहे. पण तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस आपलं काम मागत असेल, तर त्याला 'नंतर' म्हणू नका. घरातला एक कोपरा आजच रिकामा करून द्या. आम्ही वाट बघत थांबू असं तुम्हाला वाटतं ना, तसं नसतं हो. आम्ही गंजतो.