ग्लेनिसची तीन वर्षं

"हलू नका हो, मिस्टर प्यू. पाय तुमचा असला तरी पट्टी माझी आहे," ग्लेनिस म्हणाली.

म्हाताऱ्या प्यूने पाय आवरला. तेवढ्यात लोरी दार न ठोठावताच आत आली. लोरी म्हणजे त्याच दवाखान्यातली धाकटी नर्स. वय तिशीचं, तोंड फटकळ आणि हातात नेहमी कसला तरी कागद. आज छापील फॉर्म होता.

"ग्लेन मावशी, तू नोंदणी फीवरचा कर कधी परत मागितलायस?"

"कसला कर गं?"

"अगं, आपलं नाव नर्सांच्या पटावर राहावं म्हणून आपण दरवर्षी एकशेवीस पौंड भरतो ना? ते भरल्याशिवाय आपल्याला कामच करता येत नाही. म्हणून तेवढ्या रकमेवर कापलेला प्राप्तिकर सरकार परत देतं. पण मागितला तर. घरी आणून कोण देतंय!"

"किती मिळतो?"

"वर्षाला चोवीस पौंड. आणि यंदाचं तर मिळतंच, शिवाय मागच्या चार वर्षांचंही मागता येतं. हिशेब कर की!"

"सरकार पैसे परत देतंय?" प्यू खुर्चीतून म्हणाला. "मग निवडणूक जवळ आली म्हणायची."

ग्लेनिस हसली, पट्टीचं टोक चिकटवलं आणि फॉर्म घडी करून खिशात टाकला. एकोणचाळीस वर्षं ती र्‍होंडाच्या या खोऱ्यात नर्स होती. कुणाची जखम कुठल्या पायाला, कुणाच्या घरचा कुत्रा चावतो, कोण साखर खाऊ नको म्हटलं की हटकून खातो, सगळं तिला पाठ होतं. पण अशा काही गोष्टी कुणी सांगितल्याशिवाय तिला कळत नसत, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. तिचं ठीक चाललं होतं. टेकडीवरचं घर होतं, गुरुवारी चर्चमध्ये गाण्याची तालीम होती, आणि मुलगा कार्डिफहून रविवारी जेवायला येत असे.

शनिवारी दुपारी तिने कपाटाचा खण उघडला आणि कागद टेबलावर पसरले. यंदाची फी तिच्या खात्यातून गेली होती. गेल्या वर्षीचीही. त्याच्या आधीची मात्र तिला आपल्या कागदांत कुठेच सापडेना. मग लक्षात आलं आणि तिने इडवालचं पासबुक काढलं.

इडवाल, तिचा नवरा, दोन वर्षांपूर्वी गेला. तो खाणकामगार होता. खाण बंद पडली तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. पुढे सव्वादोन वर्षं इडवालला काम मिळालं नाही. घर ग्लेनिसच्या पगारावर चाललं. तो स्वयंपाक करी, पोराला शाळेत पोचवी, तिचे गणवेश इस्त्री करून दाराला टांगून ठेवी. तोंडाने काही बोलत नसे, पण दुकानात पैसे द्यायची वेळ आली की बाहेर जाऊन उभा राही. मग त्याला बसगाड्यांच्या कारखान्यात काम लागलं. पहिला पगार आला त्याच आठवड्यात ग्लेनिसच्या नोंदणीची फी भरायची होती. तिने पर्स उघडली, तर त्याने ती बंद केली.

"राहू दे. ही मी भरणार."

"अरे, पण नाव माझं आहे ना पटावर?"

"म्हणून तर. घर तू चालवलंस, निदान नाव तरी मला चालवू दे."

तेव्हापासून जेव्हा जेव्हा फीचं पत्र आलं, तेव्हा तेव्हा ते त्याने तिच्या हातातून काढून घेतलं. शेवटच्या वर्षी तर इस्पितळाच्या खाटेवरून मुलाला बँकेत पाठवलं होतं.

फॉर्मवर लिहिलं होतं, 'तुम्ही स्वतः भरलेली फी'. ग्लेनिसने पेन उचललं, आणि परत ठेवलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने पासबुक समोर ठेवून करखात्याला फोन लावला. बऱ्याच वेळाने एका तरुण माणसाचा आवाज आला. स्कॉटिश होता, गोड होता. तिने त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे यंदाची आणि गेल्या वर्षीची तुम्ही भरलीत, आणि आधीची तीन तुमच्या नवऱ्याने," तो म्हणाला. "खातं दोघांचं होतं का हो? बऱ्याच जोडप्यांचं असतं. दोघांचं असेल तर काही अडचण नाही."

ग्लेनिसने पासबुकावरच्या नावावरून बोट फिरवलं. पलीकडून घाई नव्हती. 'हो' एवढंच म्हणायचं होतं.

"नाही," ती म्हणाली. "त्याचं एकट्याचं होतं."

"नक्की ना?"

"त्याचं पासबुक माझ्यासमोर आहे."

"मग ती तीन वर्षं धरता येणार नाहीत, बाई. तेवढी तुमची गेली."

"गेली कशी? ती तर भरलेली आहेत," ग्लेनिस म्हणाली. लगेच तिनेच पुढे विचारलं, "मग दोनच वर्षांचं लिहू ना?"

"लिहा. आणि पुढच्या वर्षांसाठी पगारातूनच तेवढा कर कमी कापला जाईल, पुन्हा फॉर्म नको." मग तो म्हणाला, "चांगला माणूस होता वाटतं."

"हट्टी होता," ग्लेनिस म्हणाली.

लोरीला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "मावशी, खुळी आहेस का तू? बहात्तर पौंड! हो म्हणायला काय जीव जात होता? कोण बघायला येणार होतं?"

"कुणी नाही."

"मग?"

"ते पैसे मी भरले म्हटलं, तर त्याने भरले नाहीत असं होतं, लोरी. आणि त्याने ते भरलेत गं." ग्लेनिसने चहाचा कप धुऊन पालथा घातला. "तूच सांग, मी बहात्तर पौंडांना ते विकू?"

नंतर दिवसभर लोरीने ग्लेनिसच्या वाटणीचेही चहाचे कप धुतले.

दीड महिन्याने अठ्ठेचाळीस पौंड आले. ग्लेनिसने दवाखान्यात सगळ्यांना केक नेला आणि उरलेल्यात भर घालून चढावर न घसरणारे बूट घेतले.

ते बूट घालून ती पहिल्यांदा गेली मिसेस बेडोकडे. घर टेकडीवरच्या घरांच्या रांगेच्या अगदी टोकाला, बावन्न पायऱ्या चढून. बाई पेशंट म्हणून नवीन होती, साशंक होती. टाचेची जखम तीन महिने भरत नव्हती. ग्लेनिसने कोमट पाण्यात पाय धुतला, टिपला, पट्टी बांधली. बाहेर ऊन पडलं होतं आणि मेंढ्या कुंपणापर्यंत उतरल्या होत्या.

"तुम्ही खरंच नर्स आहात ना?" बाईने विचारलं. "हल्ली कोणीही येतं."

"आहे," ग्लेनिस म्हणाली. तिने पेशंटच्या वहीत तारीख घातली, जखमेचं माप लिहिलं, सही केली. सहीखाली तिने आपला पटावरचा नोंदणी क्रमांक लिहिला, ठळक, एकेक आकडा सुटा, म्हातारीला चष्म्याशिवाय वाचता यावा असा.